अंगणवाडीच्या बाईची उपाशी पोरगी

लेकरांना काय खाऊ घालावं, हे गावातल्या बायांना सांगणं माझं काम आहे. ढाणकीपासून थोडं आत आमचं गाव आहे आणि तिथे मी अंगणवाडी चालवते. भिंतीवर गाजर, पालक, अंडं आणि दुधाचा पेला अशी चित्रं आहेत. ती मीच रंगवली. अंड्याचा बटाटा झालाय, पण लेकरं समजून घेतात. दर महिन्याला मी बायांना गोळा करून सांगायची, "लेकरू खात नाही असं काही नसते. आपण नीट करून देत नाही." हे वाक्य मी इतक्या ठामपणे म्हणायची की समोरच्या बाया खाली पाहायच्या.

आणि माझी स्वतःची मुलगी, वय वर्षं पाच, तीनच गोष्टी खायची. पांढरा भात, भातावर साखर, आणि दुकानात पाच रुपयांच्या पुडीत मिळतात ते पिवळे पोंगे.

बाकी कशालाही ती रडून-ओरडून नकार द्यायची नाही. तशी ती शांत पोरगी. ती फक्त तोंड मिटायची. भातात चुकून कोथिंबिरीचं पान आलं, तर ते दोन बोटांनी उचलून ताटाच्या काठाला चिकटवायची आणि मग काठाला पान असलेल्या ताटात जेवायची नाही. हिरव्या रंगाचा तिला काय राग होता कोण जाणे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली, आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तूर, सगळं हिरवंगार, आणि हिला हिरवं चालत नाही.

सासूबाईंना याचं काहीच वाटायचं नाही. "हिचा बाप बी असाच होता," त्या म्हणायच्या. "शाळेत जायपर्यंत नुसता गूळ खाये. आता पाहा." मग आम्ही सगळे माझ्या नवऱ्याकडे पाहायचो. सहा फूट उंचीचा माणूस, पोतं एका हाताने उचलणारा. तो बिचारा चारचौघांत पुरावा म्हणून उभा राहायचा.

सप्टेंबरात लेकरांची वजनं घ्यायची होती. माझ्या मदतनीस म्हणजे वयाने मोठ्या, मी त्यांना मावशी म्हणते. मावशी लेकरांना एकेक करून काट्यावर उभं करत होत्या आणि मी आकडे लिहीत होते. माझ्या मुलीची पाळी आली. आकडा पाहून मावशी म्हणाल्या, "बाई, काटा बिघडला असंन."

आम्ही दुसऱ्या एका पोराला उभं केलं. त्याचं बरोबर आलं. काटा ठीक होता. माझ्या मुलीला पुन्हा उभं केलं. तिच्या खिशात दोन दगड असते तर बरं झालं असतं, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, हे मी कबूल करते. पण खिसे रिकामे होते. मी खरा आकडा मोबाईलमध्ये भरला आणि तिच्या नावापुढे पिवळा रंग आला. वजन कमी. लक्ष द्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ज्यांच्या लेकरांचं वजन कमी, त्यांच्या घरी जाऊन आईला समजावून सांगायचं, असा नियम आहे. त्याला गृहभेट म्हणतात. त्या आठवड्यात जायच्या घरांची यादी मोबाईलवर आली, तर तिसरं घर माझं.

"आता?" मी मावशींना विचारलं.

"जावं तं लागनच," मावशी पदराने तोंड झाकून म्हणाल्या. हसत होत्या. "फोटो टाकावा लागते न."

म्हणून मग दुपारी अंगणवाडी बंद करून मी माझ्याच घरी भेट द्यायला गेले. सासूबाई ओसरीत मूग निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले, मांडीवर रजिस्टर उघडलं आणि मावशी मोबाईल घेऊन समोर उभ्या राहिल्या. फोटोत आपण समजावून सांगतोय असं दिसायला हवं, म्हणून मी हात वर करून म्हणाले, "लेकराला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यायचं. डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या."

"मले कायले सांगतं?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या मायले सांग. थे दिवसभर घरी नाही राहत."

मावशींचा हात इतका हलत होता की पहिले दोन फोटो अस्पष्टच आले.

शेवटी मोबाईलवर एक प्रश्न होता: आईला आहाराची माहिती आहे का? मी 'हो' दाबलं.

"काय दाबलं वं?" सासूबाईंनी विचारलं. मी मोबाईल बंद करून आत चहा टाकायला गेले.

पण त्या दिवशी मला लागलं. संध्याकाळी मी ठरवलं की आता या पोरीला खाऊ घालायचंच. आणि महाग-बिहाग काही आणायचं नाही. मी बायांना सांगते की घरात आहे त्यातूनच होतं, तर मलाही घरात आहे त्यातूनच करून दाखवता आलं पाहिजे.

मी बिटाच्या पुऱ्या केल्या. बीट तेवढं ढाणकीच्या बाजारातून आणलं. पुऱ्या लालचुटुक, टम्म फुगलेल्या. मुलीने एक हातात घेतली आणि विचारलं, "आई, याच्यात रक्त हाये का?" तिने खाल्ली नाही. आणि तो शब्द ऐकल्यापासून सासूबाईंनीही खाल्ली नाही. नवऱ्याने चौदा खाल्ल्या.

घरच्या सोयाबीनचं पीठ घालून थालीपीठ केलं. तिने वास घेतला आणि थाळी माझ्याकडे सरकवली, अगदी नम्रपणे, जसं पाहुण्यांकडे ताट सरकवतात.

मग मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. ती म्हणत होती की लेकरांना आकार आवडतात. म्हणून मी ज्वारीच्या भाकरीची मांजर केली. कान कापले, शेंगदाण्याचे डोळे लावले, गाजराच्या काड्यांच्या मिशा काढल्या. मुलगी पाहून टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, जिंकलं. पण मांजर इतकी आवडली की तिने ती खाल्ली नाही आणि कोणाला खाऊही दिली नाही. खिडकीत ठेवली. दोन दिवस ती मांजर खिडकीतून बाहेर पाहत होती. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि एक डोळा घेऊन गेल्या. मग जे रडणं झालं! शेवटी नवऱ्याने कडुलिंबाखाली खड्डा खणला, मांजरीला माती दिली, आणि त्या दिवशी मुलगी दुःखाने भातसुद्धा जेवली नाही.

त्यानंतर मी जे केलं, ते मी कधी कोणाला शिकवणार नाही.

मी पोंग्यांच्या रिकाम्या पुड्या जमवल्या. पाच-सहा. त्या धुतल्या, वाळवल्या. मग ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे घेतले, त्यात मीठ, हळद आणि जरासं तिखट घातलं, थोड्या तेलात परतलं आणि गार झाल्यावर पुड्यांमध्ये भरलं. पुड्यांची तोंडं मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवली. दोन जळाल्या, बोटही भाजलं. पण तीन पुड्या अशा झाल्या की मलाच वाटलं दुकानातून आणल्या.

दुसऱ्या दिवशी मी एक पुडी तिला दिली. ती घेऊन ती बाहेर गेली. मी आतून कान देऊन होते. पुडी फाटल्याचा आवाज आला. मग शांतता. मला आनंद झाला.

अर्ध्या तासाने दुकानदार आमच्या दारात उभे. एका हातात पुडी आणि दुसऱ्या हाताचं बोट धरून माझी मुलगी.

"बाई," ते म्हणाले. चेहरा गंभीर होता. "ही पोट्टी दुकानात आली अन् चार गिऱ्हाइकांसमोर म्हन्ते, तुम्ही पोंग्याच्या पुडीत लाह्या भरता. आता सांगा, वीस वर्षं झाले मले दुकान टाकून. कोनी असं बोललं नाही."

मुलगी म्हणाली, "आई, याईनं फसवलं आपल्याले. पैसे वापस घे."

दुकानदारांनी पुडी माझ्यापुढे धरली. "पाहा न. इथं मेण लागलं हाये. हे कोनाचं काम असंन?"

मला खरं सांगावं लागलं. त्यांना आत बोलावलं, मुलीला सासूबाईंकडे पाठवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता पुडीतल्या लाह्या खात होते. पुडी संपली तेव्हा म्हणाले, "लाह्या झाल्या चांगल्या. आमच्या घरच्यांना सांगजा कशा केल्या थे. पण बाई, पुडीत नका भरू हो."

उरलेल्या दोन पुड्याही त्यांनाच दिल्या. दुकानदारांनी गावात ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. हा त्यांचा मोठेपणा. सांगितली ती सासूबाईंनी. त्या सगळं ऐकत होत्या.

त्याच महिन्यात ढाणकीला आमची पाककृती स्पर्धा होती. आजूबाजूच्या गावांतल्या अंगणवाडीच्या बाया आपापले पदार्थ घेऊन येणार होत्या. स्वस्त, पौष्टिक आणि लेकरांना आवडतील असे. मी लाडू केले. शेवग्याची पानं सावलीत वाळवून त्यांची पूड, ज्वारीचं भाजलेलं पीठ, तीळ आणि गूळ. दिसायला सुंदर झाले होते. सासूबाई त्या दिवशी नात्यात लग्नाला गेल्या होत्या, म्हणून मुलीला सोबत न्यावं लागलं.

पर्यवेक्षिका मॅडम एकेका टेबलापाशी येत होत्या. माझ्या टेबलापाशी थांबल्या, लाडू हातात घेऊन पाहिला, साहित्य विचारलं, आणि खूश झाल्या. मग त्यांचं लक्ष टेबलाच्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे गेलं.

"ही तुमचीच ना? ये बाळा. आईने केलेला लाडू खाऊन सांग बरं कसा झालाय."

त्यांनी लाडू पुढे केला. मुलीने तोंड मिटलं. वीस-पंचवीस बाया पाहत होत्या.

"का गं? आवडत नाही?"

आणि माझी शांत पोरगी, जी चारचौघांत कधी एक शब्द बोलत नाही, ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "आईले बी नाही आवडत. आईले याचा वास येते. चव पाहाले तिनं काल बाबाले देल्ला."

हॉलमध्ये जे हसू पिकलं ते थांबेचना. मॅडमसुद्धा खुर्चीत बसून हसल्या. मला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, पण तो लाडवासाठी नव्हता, करमणुकीसाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

परत येताना ऑटोत मुलगी माझ्या मांडीवर झोपली आणि मी विचार करत बसले. पोरीचं खोटं नव्हतं. मला शेवग्याच्या पानांचा वास सहन होत नाही. आणि एवढंच नाही. सकाळी मी उभ्या उभ्या चहात टोस्ट बुडवून निघते. दुपारी अंगणवाडीत लेकरांचं झालं की घाईघाईत काहीतरी. रात्री आधी तिला भरवते, मग सासूबाईंना आणि नवऱ्याला वाढते, आणि सगळ्यात शेवटी चुलीपाशी बसून उरलेलं खाते. या पोरीने मला ताट घेऊन जेवताना पाहिलंच नव्हतं. तिच्या हिशोबाने मीही भात-साखरेवर जगत असेन, किंवा कशावरच नाही.

हे कळलं, पण कळून काही बदललं नाही. कामं होती. दिवाळी आली, गेली. कापूस फुटला. वेचणीला सगळं गाव शेतात.

आमच्या गावाला लागूनच, नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तांड्यावरची लेकरं माझ्याच अंगणवाडीत येतात. त्यातल्या एका मुलीशी माझ्या मुलीची गट्टी होती. त्या मुलीच्या आईला दुसरं बाळ झालं होतं, तीन महिन्यांचं. बाळंतीण म्हणून तिच्या घरी गृहभेट द्यायची होती. डिसेंबरातली ती दुपार. मावशी वेचणीला गेल्या होत्या, म्हणून मी एकटीच रजिस्टर घेऊन निघाले. मुलगी घरी सासूबाईंजवळ झोपली असेल, अशी माझी समजूत होती.

अंगणात बाजेवर एक म्हातारी बाई बसली होती, आरशाआरशांची जुन्या पद्धतीची काचळी म्हणजे चोळी घातलेली, हातभर बांगड्या. ही बाळंतिणीची आई. दिग्रसकडच्या तांड्यावरून लेकीसाठी आली होती, म्हणून मला ओळखत नव्हती. समोर जमिनीवर मोठी परात. परातीभोवती तीन लेकरं. एक माझ्याकडे पाठ करून बसलेली. तिच्या दोन वेण्या मला ओळखीच्या वाटल्या. वाटणारच. सकाळी मीच घातल्या होत्या.

मी जवळ गेले. परातीत उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा ढीग होता. बाजूला ज्वारीची भाकर, तांड्यावर तिला बाटी म्हणतात, आणि वाटीत आंबट चुक्याची भाजी. हिरवी. अगदी हिरवीगार. आणि माझी मुलगी, कोथिंबिरीच्या पानावरून ताट सोडणारी माझी मुलगी, भाकरीचा तुकडा त्या भाजीत बुडवून खात होती. कोपरापर्यंत हिरवी झाली होती.

"आव बाई, बेस," म्हातारी म्हणाली. "कोन तुम्ही?"

"अंगणवाडीची बाई," मी म्हणाले.

"बरं झालं आल्या. या पोट्टीकडं पाहा जरा." तिने माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पंधरा दिवस झाले, माह्या नातीसंग रोज येते. उपाशी असते बिचारी. हिची याडी हिले काही देत नाही वाटते."

याडी म्हणजे आई, एवढं मला तांड्यावर जाऊन जाऊन कळत होतं.

"असं कोण म्हणालं?"

"हेच म्हन्ते. म्या विचारलं, घरी काय खाल्लं? तं म्हने, भात अन् साखर. रोज! आता सांगा, कोनती याडी लेकराले रोज भात-साखर देते? लय गरीब असंन. तुम्ही लिवून घ्या न त्या कागदावर. सरकार देते म्हन्ते अशा लोकाईले."

माझ्या मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. तोंड भरलेलं होतं. तिने शांतपणे घास चावला, गिळला आणि दुसरी शेंग सोलायला घेतली.

एवढ्यात बाळंतीण बाळाला घेऊन बाहेर आली. मला पाहिलं आणि दारातच थिजली. "याडी!" तिने आईला दटावलं आणि त्यांच्या बोलीत भराभरा काहीतरी बोलली.

"काहून गप बसू?" म्हातारी तिच्यावरच उखडली. "खोटं बोलून राह्यली का मी? बाईले सांगाले नको? असी माय असते का कुठं?"

"आजी," माझी मुलगी म्हणाली, "हेच माही आई हाये."

बाळंतिणीने डोळे मिटून घेतले. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. मग डोक्यापासून पायापर्यंत. मला वाटलं आता माफी मागेल आणि मला आणखीच लाजल्यासारखं होईल. ती बाजेवरून उठली, आत गेली, एक थाळी घेऊन आली आणि तिच्यात भाकर आणि भाजी वाढली.

"बस," ती म्हणाली. "तू बी सुकलेलीच दिसून राह्यली."

मी बसले. रजिस्टर मांडीखाली ठेवलं. चुक्याची आंबट भाजी, वर लसणाची फोडणी, आणि ती गरम भाकर. सकाळच्या टोस्टनंतर पोटात काही नव्हतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. मुलगी माझ्याकडे पाहत होती, जरा आश्चर्याने, जसं आपण पहिल्यांदा कोणाला पोहताना पाहतो.

खाऊन झाल्यावर मी म्हातारीला विचारलं, "ही घरी तोंड उघडत नाही. तुम्ही हिला कसं खाऊ घातलं?"

"म्या कोठी खाऊ घातलं?" ती म्हणाली. "आम्ही खात होतो. हे आली, बसली. दोन दिवस नुसती पाहत बसली. तिसऱ्या दिवशी खाल्लं. मले बाळाचं करावं लागते, चुलीचं करावं लागते. हिच्या मांगं ताट घेऊन फिराले मले कोठी टाइम हाये?"

त्यानंतर मी हात धुऊन बाळंतिणीला तिच्या आहाराची माहिती दिली, कारण त्यासाठीच गेले होते. दूध वाढायला काय खायचं ते सांगितलं. ती सगळ्याला "हो बाई, हो बाई" म्हणत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती. म्हातारीने मध्येच सांगितलं की अळिवाची खीर, मेथीचे लाडू सगळं ती देतच आहे. ते मी लिहून घेतलं.

घरी येताना नाल्यापाशी मी मुलीला विचारलं, "घरी काहून खात नाही वं तू?"

तिने थोडा विचार केला. "घरी तू पाहत राहतं."

"अन् तांड्यावरची आजी नाही पाहत?"

"आजी तिचं तिचं खाते."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी घाबरल्या. पंधरा दिवस पोरगी दुपारी तांड्यावर जात होती आणि त्यांना वाटत होतं ती माझ्याजवळ अंगणवाडीत आहे, मला वाटत होतं ती त्यांच्याजवळ आहे. नवरा म्हणाला, "पंधरा दिवसांत वजन वाढलं असंन हिचं." मी म्हटलं, त्याचं श्रेय माझ्या रजिस्टरात कुठे लिहू?

त्या रात्रीपासून आम्ही पद्धत बदलली. चौघांनी एकत्र बसायचं. मधे परात. प्रत्येकाने आपापलं घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे पोरीकडे कोणी पाहायचं नाही.

हे ऐकायला सोपं आहे. तीन मोठी माणसं एका लेकराकडे न पाहण्याचा प्रयत्न करतात तेव्हा काय होतं ते मी सांगते. नवरा इतका खाली वाकून जेवायला लागला की नाक वरणात जाईल. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, त्यातली एकादशी मी चार वेळा वाचली. सासूबाई मान वर करून छताकडे पाहत घास तोंडात घालत होत्या. एक घास गालाला लागला.

"आजी, वर पाल हाये का?" मुलीने विचारलं.

पहिल्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई पदराखालून मला चिमटे काढत होत्या. तिसऱ्या दिवशी शेतातून आणलेल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. आम्ही तिघं सोलून खात होतो आणि कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो. परातीत एक छोटा हात आला. शेंग घेऊन गेला. पुन्हा आला. नवऱ्याच्या तोंडून "खाल्ल..." एवढं निघालं होतं, मी त्याच्या मांडीवर अशी चापट मारली की त्याला ठसका लागला.

"बाबाले काय झालं?" मुलगी म्हणाली आणि तिसरी शेंग घेतली.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. वांगं ती आजही खात नाही. बीट म्हटलं की अजून रक्त म्हणते. शेवग्याच्या लाडवांचा विषय आमच्या घरात निघत नाही, कारण मला ते करायचेच नाहीत. पण आता ती शाळेत जायला लागली आहे, आणि दुपारी घरी आली की मी काही विचारत नाही. वाटीभर फुटाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर भाजलेल्या शेंगा, नाहीतर ज्वारीच्या पिठाचं धिरडं, जे असेल ते घेऊन मी ओसरीत बसते आणि स्वतः खायला लागते. बोरांच्या दिवसांत बोरं असतात. कधी ती येते, कधी येत नाही. येत नाही तेव्हा मी एकटीच सगळं संपवते. माझं वजन चांगलंच वाढलंय, पण त्याची यादी कोणी मागत नाही.

अंगणवाडीतल्या बायांच्या बैठकीत मी आता ते जुनं वाक्य बोलत नाही. पहिल्याच बैठकीत मी त्यांना पुड्या चिकटवल्यापासून तांड्यापर्यंत सगळं सांगितलं. तसं सासूबाईंच्या कृपेने अर्धं त्यांना आधीच माहीत होतं. बाया पोट धरून हसल्या आणि मग एकेकीने आपापलं सांगायला सुरुवात केली. एकीचा मुलगा फक्त शेजारणीच्या हातचं खातो. एकीची मुलगी चुलीसमोर उभ्या उभ्याच जेवते, बसवलं की संपलं. एकीने आजवर मला खोटंच सांगितलं होतं की पोरगा रोज पालेभाजी खातो. ती भाजी त्यांची बकरी खात होती. इतकी खरी माहिती मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

तांड्यावरची म्हातारी होळीच्या आधी आपल्या गावी परत गेली. जायच्या दिवशी अंगणवाडीत येऊन तिने माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, मग माझ्या दंडाला हात लावून पाहिलं, आणि "हं," म्हणाली.

सध्या घरात वेगळंच भांडण चालू आहे. सासूबाईंनी चटणीसाठी भाजून ठेवलेले शेंगदाणे डब्यातून कमी होतात. त्यांनी डबा वरच्या फळीवर ठेवला, तरी होतात. परवा त्या कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पोट्टी हाये का उंदीर? हिले जरा कमी खाले सांग वं, तू बाई हायेस न अंगणवाडीची."

"सांगते," मी म्हणाले. त्यातले निम्मे मीच खाल्ले होते.